लाल बावटा कलापथक : ऐकायला सुरुवात कुठून करावी?

१. 'शाहीर' हा शब्द उच्चारला की आपल्या पिढीला पहिले नाव आठवते ते शाहीर साबळे यांचे. ते योग्यच आहे. त्यांनी गायिलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या जीवनावर चित्रपटही आला. परंतु ज्या लढ्यातून हे राज्य जन्मले, त्या लढ्याच्या सभा आणखी तिघांच्या शब्दांनी आणि आवाजांनी भारल्या जात होत्या. त्या तिघांचे मिळून एक पथक होते. पथक म्हणून आज त्याला कोणी फारसे ऐकत नाही. हा धागा त्या पथकाविषयी आहे.

२. पथकाचे नाव 'लाल बावटा कलापथक'. काळ १९४० च्या दशकाचा मध्य. तिघे म्हणजे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. कम्युनिस्ट चळवळीत घडलेले हे शाहीर गिरणगावात, शेतकरी परिषदांत आणि खेड्यांच्या चावडीपुढे गात. आजच्या भाषेत याला 'बँड' म्हणायला माझी हरकत नाही. एकाचे शब्द, दुसऱ्याचा आवाज, तिसऱ्याचे दोन्ही, आणि साथीला डफ, तुणतुणे, ढोलकी. एखादा बँड नव्याने ऐकू लागताना जो प्रश्न पडतो, तोच इथेही पडतो : सुरुवात कुठून करावी?

३. मी सोलापूरची. इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेते. आमचे घर पद्मशाली विणकरांचे. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि शेजारच्या गल्लीत कन्नड. आजोबांना आम्ही ताता म्हणतो. त्यांचे सारे आयुष्य मागावर गेले. मागाच्या खडखडाटाने त्यांचा उजवा कान गेला. डाव्या कानाला थोडे ऐकू येते. हा प्रश्न मला पुस्तकांच्या आधी त्यांच्यामुळे पडला, म्हणून आधी त्यांची गोष्ट सांगते.

४. ताता कधीकधी एक चाल गुणगुणतात. शब्द निम्मे मराठी, निम्मे नुसते सूर. एकदा मी विचारले, "ताता, हे काय?" ते म्हणाले, "अमर शेखाची मैना." संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत, वयाच्या सतरा-अठराव्या वर्षी, त्यांनी ती एका रात्रीच्या सभेत ऐकली होती. मी नुकतीच अभ्यासाला लागले होते आणि नवशिक्याचा उत्साह अंगात होता. मी तत्काळ दुरुस्ती केली : "मैना अण्णाभाऊंनी लिहिली, ताता. अमर शेखांनी नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "लिहिणारा मी बघितला नाही गं. गाणारा बघितला." मग ते गप्प झाले. त्या दिवशी पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

५. माझी माहिती बरोबर होती, तरी त्या क्षणी मी एक साक्षीदार गमावला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणती चूक करू नये, हे मला त्या दिवशी कळले. पुढे लक्षात आले की ही चूक माझ्या एकटीची नाही. छापील कागदावर लेखकाचे नाव उरते. गाणाऱ्याचा आवाज कागदावर उरत नाही. आपण कागद वाचून इतिहास लिहितो, त्यामुळे जे तिघांनी मिळून केले ते हळूहळू एकाच्या नावावर जमा होते.

६. पार्श्वभूमी थोडक्यात. अण्णाभाऊ यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा, मातंग कुटुंबातला. शाळेशी त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाही. वाटेगावाहून मुंबईत येऊन त्यांनी मिळेल ते काम केले, गिरणीतही केले. अमर शेख आमच्या जिल्ह्यातले. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शी हे निजामाच्या मुलखाला खेटून असलेले कापसाचे आणि गिरण्यांचे गाव. त्यांनी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत राबले, कामगारांच्या संपात पुढे राहिले आणि विसापूरच्या तुरुंगातही गेले.

७. हा जिल्हा तेव्हा शांत नव्हता. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्या वेळी बार्शीतला मेहबूब चौदा वर्षांचा होता. चार हुतात्म्यांचे पुतळे आम्ही रोज येता-जाता पाहतो. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान अशी नावे एका ओळीत उच्चारण्याची सवय या शहराला तेव्हापासून आहे. लाल बावट्याचे तिघेही तसेच एका ओळीत उच्चारायला हवेत, असे माझे म्हणणे आहे.

८. आता क्रम. पहिला थांबा अर्थातच 'माझी मैना'. ही छक्कड आहे, म्हणजे लावणीच्या वाटेने जाणारा तमाशातला गीतप्रकार. पोटासाठी मुंबईला आलेला एक खेडूत गावी राहिलेल्या पत्नीची आठवण काढतो. तिचे रूप, तिचे दागिने, निघतानाची ताटातूट, असा सगळा लावणीचा परिचित सरंजाम आहे. श्रोता सैलावतो. मग गाणे मुंबईत शिरते आणि तिथली श्रीमंती व भूक शेजारीशेजारी उभी करते. शेवटी कळते की ही मैना केवळ पत्नी नाही. बेळगाव, कारवारसारखा जो मराठी मुलूख राज्याबाहेर राहिला, तीही मैनाच. विरहाचे गाणे पाहता पाहता नकाशाचे गाणे होते.

९. आजही गाणे ऐकताना हा सांधा शोधा. सगळे कौशल्य तिथे आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावरून नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसे मेली. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अहवालातली कलमे शेतकऱ्याला कोण समजावणार? अण्णाभाऊंनी कलमे बाजूला ठेवली. घर सोडून आलेल्या माणसाला तुटणे म्हणजे काय हे ठाऊक असते, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी राजकारण उभे केले. आणि अमर शेख यांच्या पहाडी आवाजाने ते हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवले.

१०. म्हणूनच सुरुवात इथून करावी, असे मी म्हणते. हे गाणे केवळ प्रसिद्ध आहे म्हणून नव्हे. यात शब्द एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा आहे. पथक म्हणजे काय हे एवढ्यातच कळते. केवळ अण्णाभाऊ वाचलेत तर अर्धे गाणे मिळेल. केवळ अमर शेख ऐकलेत तरीही अर्धेच.

११. दुसरा थांबा : अण्णाभाऊंचा 'स्टालिनग्राडचा पवाडा', १९४३ चा. पोवाडा हा आपला जुना प्रकार. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर रचलेला पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतला सर्वांत जुना मानतात. १८६९ मध्ये जोतीराव फुले यांनी शिवरायांवर पोवाडा लिहून त्याला नवी दृष्टी दिली. अण्णाभाऊंनी तोच प्रकार थेट व्होल्गेच्या काठी नेला. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने तिथे शरणागती पत्करली आणि मुंबईच्या कामगारवस्तीत त्या युद्धाचा पोवाडा उभा राहिला. हा मनात वाचू नका. मोठ्याने वाचा, मांडीवर ताल धरा. मुकाट्याने वाचलेला पोवाडा म्हणजे वाफ गेलेला चहा.

१२. त्याच्या जोडीला 'बंगालची हाक' ठेवावी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरची ही अण्णाभाऊंची रचना. त्याच वर्षी मुंबईत 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली होती आणि देशभरचे कलावंत बंगालसाठी गात, नाचत, नाटके करत होते. आमचे शाहीर त्या मोठ्या प्रवाहातले होते. 'प्रादेशिक' असा शिक्का मारून त्यांना कोपऱ्यात ठेवणे अन्यायाचे आहे, हे या दोन रचना शेजारी ठेवल्या की पटते.

१३. तिसरा थांबा : लोकनाट्य. 'अकलेची गोष्ट' हे या काळातले महत्त्वाचे काम. सावकार-जमीनदाराच्या कात्रीतला शेतकरी हा त्याचा विषय, विनोद हे त्याचे हत्यार. तमाशाची जुनी रीत गण, गौळण, बतावणी, वग अशी. अण्णाभाऊंनी तिच्यात बदल केला. गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले. कृष्ण आणि मावशीची गौळण गेली. साचा ओळखीचा आणि आतला माल नवा, त्यामुळे चावडीवरचा प्रेक्षक बिचकला नाही. दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंधने आणली, कम्युनिस्टांवर धरपकडीचे सत्र चालले आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. 'तमाशा' ऐवजी 'लोकनाट्य' हे नाव रूढ होण्यामागे या काळाचा मोठा हात आहे.

१४. येथे क्षणभर अमेरिकेत जाऊन येऊ, कारण तुलना उद्बोधक आहे. १९४० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये 'अल्मनॅक सिंगर्स' नावाचा डाव्या गायकांचा चमू होता. पीट सीगर आणि वुडी गथ्री त्यात होते. पुढे १९४८ मध्ये सीगर यांनी सहकाऱ्यांसह दुसरा चमू काढला. त्याचे नाव 'द वीव्हर्स', म्हणजे चक्क 'विणकर'! सिलेशियातील विणकरांच्या १८४४ च्या उठावावर गेर्हार्ट हाउप्टमान यांनी लिहिलेल्या जर्मन नाटकावरून ते नाव घेतले होते. विणकरांच्या घरात वाढलेल्या मला हे प्रथम कळले तेव्हा झालेला आनंद सांगता येणार नाही. ताताला सांगितले. ते म्हणाले, "मग त्यांचा माग कुठाय?"

१५. कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेत 'द वीव्हर्स'चे नाव काळ्या यादीत गेले. रेडिओ, दूरचित्रवाणी, मोठे कार्यक्रम बंद झाले. तरी डिसेंबर १९५५ मध्ये ते कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा एकत्र आले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण झाले आणि १९५७ मध्ये त्याचा अल्बम निघाला. आज कोणी विचारले की 'द वीव्हर्स' कुठून ऐकू, तर उत्तर सोपे आहे : कार्नेगी हॉलचा अल्बम लावा. त्याच हिवाळ्यात मुंबईत गोळ्या चालत होत्या आणि आमचे शाहीर रोज वेगळ्या मैदानात गात होते. त्यांच्यासाठी असे एका अल्बमचे उत्तर नाही. म्हणून तर हा एवढा मोठा धागा लिहावा लागतो.

१६. चौथा थांबा : अमर शेख यांची स्वतःची कविता. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह. 'पहिला बळी' हे नाटकही त्यांच्या नावावर आहे. आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले होते. 'कलश'साठी मी तीन ग्रंथालये पालथी घातली. एका ठिकाणी नोंदवहीत पुस्तक होते, कपाटात नव्हते. अखेर एका निवृत्त शिक्षकांच्या घरी जीर्ण प्रत मिळाली. वाचताना जाणवते की हा कवी कागदासाठी थांबत नाही. दीर्घ श्वास घेऊन म्हणण्याच्या ओळी आहेत. वाक्य जिथे तुटते तिथे टाळी किंवा डफाची थाप अपेक्षित आहे. गायकाने लिहिलेली कविता म्हणून ती वाचा, तिला पुस्तकी कवितेच्या मापाने मोजू नका.

१७. पाचवा थांबा अनपेक्षित वाटेल : चित्रपट. १९६१ च्या 'प्रपंच'मध्ये अमर शेख यांनी दारिद्र्याने पिचलेल्या कुंभाराची भूमिका केली आहे. कथा-पटकथा-गीते ग. दि. माडगूळकर यांची. कुंभारावरचे जे गाणे महाराष्ट्राला पाठ आहे ते सुधीर फडके यांच्या आवाजात आहे. तरी चित्रपट पाहा, तो अमर शेख यांच्या देहबोलीसाठी. रुंद बांधा, चेहऱ्यावरचा ताण, बोलताना छातीतून येणारा स्वर. हा माणूस ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला की काय होत असेल, याचा थोडा अंदाज येतो.

१८. कुठून सुरुवात करू नये, हेही सांगते. 'फकिरा'पासून नको. ती थोर कादंबरी आहे, १९५९ ची. परंतु ती अण्णाभाऊंची एकट्याची आहे, पथक तिच्यात नाही. मलिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनापासूनही नको. ते अवश्य वाचा, पण शेवटी. त्यात अमर शेख भेटतात ते एका मुलीचे वडील म्हणून. वडील आधी भेटले तर शाहीर ऐकताना त्यांचीच छाया पडते. आणि तिघांची नावे घेताना गव्हाणकरांचे नाव गाळू नका. यादीतले तिसरे नाव नेहमी सर्वांत आधी पुसले जाते.

१९. १९६९ हे वर्ष विलक्षण क्रूर ठरले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. २९ ऑगस्टला अमर शेख यांचा इंदापूरजवळ अपघातात मृत्यू झाला. अवघ्या अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन सर्वांत मोठे आवाज थांबले. त्यानंतर स्मृतीचीही वाटणी झाली. अण्णाभाऊंची जयंती गावोगाव निघते, २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट आले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. हे सारे त्यांना मिळायलाच हवे होते, आणि फार उशिरा मिळाले. अमर शेख यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे. पण दोघांची नावे एका फलकावर क्वचितच दिसतात. ज्यांनी एका डफावर गायिले, त्यांना आपण जात, धर्म आणि पक्ष यांच्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवून दिले.

२०. आता पुन्हा ताता. गेल्या वर्षी मी भ्रमणध्वनीवर 'माझी मैना' लावून त्यांच्या डाव्या कानाला धरली. आवाज शाहीर विठ्ठल उमप यांचा होता. तेही आमचे लाडके, मोठे शाहीर. ताता लक्षपूर्वक ऐकत होते. एक कडवे झाले आणि त्यांनी मान हलवली. "ईयन कादु," ते तेलुगूत म्हणाले. हे ते नव्हेत. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी एका रात्री ऐकलेला आवाज त्या अर्ध्या कानात अजून होता, इतका की दुसरा आवाज तिथे बसत नव्हता.

२१. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला शंका घ्यावीच लागते. त्या रात्री सभेत गाणारे खरोखर अमर शेखच होते का? की त्यांच्या चालीवर गाणारे एखादे स्थानिक शाहीर, आणि नाव नंतर चिकटले? माझ्याजवळ त्या सभेचा कागद नाही. परंतु प्रश्न जरा वळवून विचारला, तर उत्तर पक्के आहे. मराठी ज्याची मातृभाषा नाही असा विणकराचा मुलगा मराठी राज्याच्या मागणीचे गाणे आयुष्यभर गुणगुणतो, ही घटना खरी आहे, आणि तिचा पुरावा माझ्या घरात बसला आहे. तो पुरावा गायकाचा नसेल कदाचित. श्रोत्याचा नक्की आहे. आणि श्रोत्याशिवाय शाहिरीला अर्थ नाही.

२२. या वेळी मी दुरुस्ती केली नाही. ध्वनिमुद्रण सुरू केले आणि म्हटले, "ताता, तुम्हीच म्हणा." त्यांनी म्हटले. एक मिनिट चाळीस सेकंद. शब्द मागेपुढे झाले, बेळगावचे नाव राहूनच गेले, एका ओळीत तेलुगू हेल आला. ताल मात्र कुठे चुकला नाही. तो ते गुडघ्यावर बोटांनी धरत होते. मागाचा धोटा इकडून तिकडे जातो त्या लयीत.

२३. तेव्हा क्रम असा : 'माझी मैना', मग स्टालिनग्राड आणि बंगाल, मग 'अकलेची गोष्ट', मग 'कलश' आणि 'धरतीमाता', मग 'प्रपंच'. आणि या सगळ्यांच्याही आधी एक काम. तुमच्या घरात, गल्लीत, गिरणीच्या जुन्या चाळीत ऐंशी ओलांडलेले कोणी असेल, तर त्यांना विचारा, तुम्ही कोणता शाहीर ऐकलात? मुद्रण करा. तारीख, ठिकाण, भाषा लिहून ठेवा. त्यांनी चुकीचे नाव सांगितले तर लगेच दुरुस्त करू नका. आधी ऐकून घ्या. दुरुस्तीला पुस्तके आहेत, ती कुठे जात नाहीत.

२४. पुण्याला जाताना आमची एस. टी. इंदापूरला थांबते. लोक चहाला उतरतात. मी आता तिथे एकदा तरी ते मुद्रण कानाला लावते. धागा इथे संपवते. तुमच्या घरचे शाहीर कोण, ते खाली लिहा.